दंडावरचा कंदील

सन दोन हजार चोवीस, आणि माझं वय सदुसष्ट. आधार कार्डावर दोन वर्षं कमी आहेत, कारण कार्ड काढताना लिहिणाऱ्यानं माझ्या तोंडाकडे पाहून अंदाजानं आकडा टाकला होता. त्या सालच्या होळीनंतर वाशीमच्या डॉक्टरनं माझ्या डाव्या दंडाला मागच्या बाजूनं एक बटण चिकटवलं आणि सांगितलं, "काका, आता विहिरीत उतरणं बंद."

मी म्हणालो, "बटन राहू द्या. उतरनं काही बंद होत नाही."

शाळा माझी चौथीपर्यंत. दिवाळी अंकवाल्यांनी म्हटलं होतं, तुम्ही सांगा, आमचा माणूस लिहून घेईल. मी नाही म्हटलं. माझ्या दोरावर मी कधी दुसऱ्याला विहिरीत सोडलं नाही, तर माझ्या लिखाणात कायले सोडू? ऱ्हस्व दीर्घ त्यांनी पाहावं. बाकी हात लावू नये.

आधी काम काय ते सांगतो. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला एक जाळीची झडप असते, तिला आमच्याकडे फुटवाल म्हणतात. तिच्यात पाला, गाळ, कधी बेंडूक अडकला की मोटर नुसती घुंघुं करते, पाणी येत नाही. कधी मोटरच दोर तुटून तळाला जाते. नव्या विहिरींना लोखंडी कड्या असतात, कोणीही उतरतं. जुन्या विहिरी दगडाच्या, खाली मुरूम, पाय ठेवायला जागा नाही. तिथं आम्हाला बोलावणं येतं. काठावर तीन बल्ल्यांची तिपाई उभी करायची, तिला लोखंडी चाक, चाकावरून दोर, दोराला बसायची पाटली. पाटलीवर मी. दोर हबीबच्या हातात.

हबीब आमच्या वाशीमकडच्या मालेगावचा. मी तिथून जवळच्याच खेड्यातला, दोन एकरांचा धनी. हबीबचे वडील रहेमतचाचा हे आमच्या दोघांचे उस्ताद. हबीब अंगानं भारी म्हणून तो वर, मी काडीसारखा म्हणून मी खाली, ही वाटणी चाचांनी केली ती चाळीसच्या वर वर्षं टिकली.

चाचांचे कायदे होते. कंदील आधी सोडायचा, मग माणूस. खाली वारा खराब असला तर कंदील विझतो. विझला की उतरायचं नाही, मालक काहीही म्हणो. उतरणाऱ्याच्या खिशात काही नको, अंगात शर्ट नको. विहिरीत पडलेली वस्तू परत पाइपात जाते. पाना मनगटाला बांधायचा. भरल्या पोटी उतरायचं नाही, कारण कंबरेचा पट्टा पोट पिळून काढतो आणि अधांतरी ओकारी आली तर माणूस पाटलीवरून सुटतो. माणूस खाली असला की वरच्यानं दोर सोडून कोणाशी बोलायचं नाही, बिडी नाही, पाणी नाही, काठावरच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. आणि शेवटचा कायदा असा, की खालचा माणूस मालक. दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ. वरच्यानं आपली अक्कल लावायची नाही.

या कायद्यांवर आम्ही जगलो. रिठदच्या शिवारात एकदा कंदील विझला. मालकानं वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. मालक म्हणे, "वाऱ्यानं इझला अशीन. उतर ना बाप्पा, हरबरा वाळून राह्यला."

मी म्हणालो, "खाली वारा असता त मी नाचत उतरलो असतो. वारा नाही म्हनून इझला."

तो चिडला. त्याचा सालदार पट्टा बांधायला पुढं आला, गरीब माणूस, धन्याला नाही म्हणता येईना. मी पाटलीवर बसकण मारली आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. काठावरच, खाली नाही. शिव्या खाल्ल्या, पण पाटली सोडली नाही. दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप लावून खाली वारा घातला, बादल्याच्या बादल्या पाणी वरून ओतलं, कंदील तेवत राहिला तेव्हा मी उतरलो. तो मालक आजही माझ्याशी बोलत नाही. सालदार मात्र बाजारात भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

इंझोरीकडच्या दोन भावांचा किस्सा वेगळा. विहीर सामाईक, बोलणं बंद. दोघांनी मिळून मला उतरवलं, आणि उतरण्याआधी दोघांनी वेगवेगळं बाजूला घेऊन कानात सांगितलं, की झरा माझ्या वावराच्या बाजूनं येतो असं वर आल्यावर सांगजो. खाली गेलो. दिवा फिरवला. वर आलो तर दोघं दोन बाजूंनी उभे, मधे अख्खं गाव. मी म्हणालो, "झरा बुडातून येते. खालून. तिकडं तुमच्या दोघायचं काही नाही." गाव हसलं. त्या दोघांनी आपसात पाहिलं, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा, आणि दोघं मिळून मला शिव्या द्यायला लागले. तेवढं तरी जुळलं.

अशी माझी ऐट होती. आणि मधात ही साखरेची बिमारी आली.

बिमारी जुनी. गोळ्या झाल्या, मग सुई आली. सकाळी जेवायच्या आधी पोटात टोचायची सुई. त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण साखर वाढते तशी ती सुईनं जास्त उतरतेही, आणि उतरली की आधी मला कळायचं. घाम फुटायचा, हात थरथरायचे, मी गुळाचा खडा तोंडात टाकायचो. मग ते कळणं बंद झालं. एकदा अंगणात बसल्या बसल्या मी माझ्या सुनेला, प्रतिभाला, तिच्या सासूच्या नावानं हाका मारायला लागलो. माझी बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. प्रतिभानं साखरपाणी पाजलं तेव्हा मी ताळ्यावर आलो. मला वाटत होतं मी एकदम ठीक आहे.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. चांगला पोरगा आहे, घाई करत नाही. म्हणाला, बरीच वर्षं झाली की काही लोकांना शरीर इशारा द्यायचं सोडून देतं. म्हणून हे बटण. त्याच्या खाली केसासारखी बारीक तार चामडीत जाते, आणि दर थोड्या वेळानं साखर किती ते फोनला कळवते. फोनवर एक ॲप, त्यात मोठा आकडा, आकड्याशेजारी बाण. बाण आडवा म्हणजे ठीक. बाण खाली म्हणजे साखर उतरून राहिली. खाली एक रेघ, दिवसभराची. साखर फार उतरली तर फोन बोंबलतो. प्रतिभाच्या फोनवरही तोच आकडा दिसतो.

मला इंग्रजी येत नाही. पण आकडा येतो आणि बाण कोणालाही येतो.

"विहीर बंद" यावर घरात भांडण झालं. पुण्याहून मुलाचा फोन आला. मी म्हणालो, तुह्या कंपनीत तुले कोनी म्हनलं का, आजपासून मशीन बंद कर?  शेवटी प्रतिभानं तोड काढली. ती शिवणकाम करते, कापड कुठं कापावं हे तिला बरोबर कळतं.

"मामाजी, बटन दंडावर असन त जा. नसन त नाही. बोला, कबूल?"

"कबूल."

मी शब्दाचा पक्का. बटण कधी काढलं नाही. घामानं निघू नये म्हणून ती वरून चिकटपट्टी लावून द्यायची. पण पहिल्याच महिन्यात माझा त्या यंत्रावरचा भरोसा उडाला. झालं असं, की दुपारी मी बाजेवर डाव्या कुशीवर झोपलो होतो. फोन बोंबलायला लागला. प्रतिभा शिलाई टाकून धावत आली, हातात साखरेचा गिलास, तोंड पांढरं.

"मामाजी! उठा! पन्नास दाखवून राह्यलं!"

मी उठलो, धडधाकट. बोट टोचून जुन्या मशीनवर पाहिलं तर चांगली शंभराच्या वर. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, दंड अंगाखाली दाबला गेला की बटण असं खोटं कमी दाखवतं, त्या कुशीवर झोपू नका. आणि हेही सांगितलं, की शंका आली तर बोट टोचून खात्री करा, पण आकड्याकडे पाहायचं सोडू नका.

मी अर्धंच ऐकलं. हबीबला सांगितलं, "लेकाचं खोटं बोलते. कुशीवर झोपलं की मानूस मरून राह्यला म्हनते."

हबीब हसला नाही. म्हणाला, "कंदीलबी कधी तेल संपलं म्हनून इझते ना. मंग काय कंदील सोडनं सोडून देल्लं का आपन?"

ते मी ऐकून सोडून दिलं.

हबीबचा मुलगा सलीम तेव्हा चाळिशीला टेकलेला. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि दुसऱ्या टोळ्यांबरोबर तो विहिरीत उतरतो, चांगला उतरतो. हबीबनं मला दोनदा तीनदा म्हटलं होतं, आता सलीमले उतरू दे, तू वर बस. मी म्हणायचो, माझ्या दोरावर मीच. मला वाटायचं, ज्या दिवशी मी वर बसलो त्या दिवशी लोक मला मिस्त्री म्हणणार नाहीत, महादेवबुवा म्हणतील. तेव्हा त्या वर्षभर प्रश्न एकच होता, घरात, हबीबच्या घरात आणि माझ्या डोक्यात: मी उतरायचं की नाही. आणि त्याचं उत्तर मी रोज तेच देत होतो.

मग कार्तिकात किन्हीराजाच्या पुढच्या एका वावरातून बोलावणं आलं. मालक नारायणराव, ओळखीचे, माणूस भला. गहू पेरलेला, पहिलं पाणी द्यायचं, आणि फुटवाल बंद. सकाळी प्रतिभानं सुई दिली आणि डबा बांधला. म्हणाली, "वावरात गेल्याबरोबर जेवून घ्या. सुई घेतली हाय." मी हो म्हटलं. हो म्हणताना मला माहीत होतं की उतरण्याआधी मी जेवणार नाही. भरल्या पोटी उतरायचं नाही हा चाचांचा कायदा, आणि चाचांच्या काळात सुई नव्हती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे मला सुचलंच नाही. एक गोष्ट घरची, एक गोष्ट विहिरीची, अशी माझ्या डोक्यात त्यांची खाती वेगळी होती.

तिपाई उभी केली. कंदील सोडला. स्वच्छ तेवला. मी शर्ट काढला, घडी करून काठावर ठेवला, शर्टावर डबा ठेवला. फोन हातात होता. प्रतिभानं शिकवलं होतं, उतरण्याआधी आकडा पाहायचा. पण नारायणराव समोर उभे होते, त्यांची बायको सुमनवहिनी उभी होती, दोन गडी उभे होते. चाळीस वर्षं ज्यानं विहिरीचा वारा ओळखला त्यानं गिऱ्हाइकासमोर फोनला विचारून उतरावं, हे मला जमलं नाही. मी न पाहताच फोन शर्टाच्या घडीत सारला आणि पाटलीवर बसलो.

हबीबनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "खाल्लं का काही?"

"वर येऊन खातो. तुह्या बापाचा कायदा हाय, इसरला का?"

 त्यानं दोर घेतला.

इथून पुढचं थोडं मला आठवतं, बाकीचं हबीब आणि नारायणरावांनी सांगितलेलं आहे.

मी काठाखाली चार-पाच हात गेलो असेन, तेव्हा शर्टातून फोन बोंबलला. नारायणराव म्हणाले, "हबीबभाई, मिस्त्रीचा फोन वाजून राह्यला." हबीब म्हणाला, "वाजू द्या. मानूस खाली हाय." त्याचे दोन्ही हात दोरावर. फोन थांबला. मी खाली गेलो तसा बटणाचा आणि फोनचा संबंध तुटला. मधात दगड, आणि खाली मी छातीभर पाण्यात. बटण पाण्यात मुकं होतं. मग थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला, या वेळी साधी रिंग. थांबला, पुन्हा वाजला. प्रतिभा होती ती. नारायणराव उचलायला वाकले.

"हात नका लावू," हबीब म्हणाला. "मानूस वर आल्याशिवाय काठावरच्या चीजेले हात लावायचा नाही. आमचा कायदा हाय."

नारायणराव मागं झाले. कायदा म्हटलं की भला माणूस मागं होतो.

खाली मला काय वाटत होतं? वाईट काही वाटत नव्हतं, हेच सांगायचं आहे. भीती नाही, धडधड नाही. पाना फुटवालावर बसत नव्हता आणि मला त्या पान्याचा राग येत होता. मग असं वाटलं की पाणी अजून बरंच खाली आहे. मी छातीभर पाण्यात उभा होतो, पाय कपारीवर, आणि मला वाटत होतं पाण्यापर्यंत पोचायचं राहिलंच आहे, हबीब दोर का सोडत नाही. म्हणून मी दोराला दोन हिसके दिले. ढील दे.

कपारीच्या पुढं तळ नाही. ढील मिळाली असती तर मी सरळ पाण्याखाली गेलो असतो, आणि कंबरेला पट्टा बांधलेला माणूस ढिल्या दोरावर वर येत नाही.

हबीब सांगतो, दोराला आधीच ताण कमी होता, म्हणजे मी कपारीवर उभा आहे हे त्याला ठाऊक होतं. पाण्यात पोचलेला माणूस ढील कायले मागते? आणि हिसका माझा नव्हता. माझा हिसका म्हणजे एकदम टोक, गाईनं कासरा ओढावा तसा. हे दोन हिसके लांबलेले होते, झोपेतल्या लेकरानं लुगडं ओढावं तसे. त्यानं ढील दिली नाही. मी पुन्हा दोन हिसके दिले. मग पुन्हा. मालक खालून हुकूम देत होता आणि दोरवाला ऐकत नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"महादेव!" त्यानं विहिरीत आवाज टाकला. "ए महादेव! बोल बे!"

मी वर पाहिलं असं म्हणतात. उत्तर दिलं नाही.

तेव्हा हबीब ओरडला, "गडी हो, दोर धरा! ओढा! अन् नारायणराव, उचला तो फोन! उचला!"

फोन वाजतच होता. नारायणरावांनी उचलला, स्पीकरवर टाकला. तिकडून प्रतिभाचा आवाज: "मामाजी कुठं हायत? खाल्लं का त्याईनं? साखर साठ होती अन् बाण सरळ खाली होता, मंग आकडाच गेला!"

"खाली हायत, वर काढून राह्यलो," नारायणराव म्हणाले.

"शुद्ध असन अन् गिळता येत असन तरच साखरपानी द्या. तोंडात काही कोंबू नका. शुद्ध नसन त आडवं एका कुशीवर टाका अन् गाडी बोलवा. गुळापक्षा साखर बरी, लवकर लागते. घोट घोट. फोन त्याईच्या दंडापाशी ठेवा."

त्या पोरीचा आवाज, नारायणराव सांगतात, शिलाई मशीनसारखा एका लयीत होता. घरी ती कशी बसून होती ते मला नंतर कळलं.

मला काठावर काढलं तेव्हा डोळे उघडे होते, पण मी सुमनवहिनीला "पाटली सोडू नको" असं म्हणत होतो म्हणे. खोपीत चहाची साखर होती. वहिनीनं तांब्यात कालवली आणि घोट घोट पाजली. हबीब मला मागून धरून बसला होता, माझं डोकं त्याच्या छातीला. थोड्या वेळानं मला ऊन लागायला लागलं, मग ओल्या चड्डीची थंडी. मग लाज. लाज आली तेव्हा मला कळलं की मी परत आलो.

फोन शेजारी होता. मी तो हातात घेतला. आकडा चढायला लागला होता, बाण वर. पण मी पाहत होतो ती रेघ. मी विहिरीत गेल्यापासून तिथं मोकळी जागा होती, असं प्रतिभानं नंतर सांगितलं. बटणानं आपल्यापाशी सगळं जपून ठेवलं होतं, आणि फोन जवळ आल्याबरोबर ती मोकळी जागा भरून काढली. मी खाली असतानाची रेघ माझ्यासमोर होती. ती काठापासून निघून सरळ खाली गेली होती, धोक्याच्या लाल पट्ट्याच्याही खाली, जशी पाटली जाते तशी. उतरण्याआधीच ती उताराला लागलेली होती. एक नजर टाकली असती तर दिसलं असतं.

हबीब माझ्याजवळून उठला. त्यानं दोर गुंडाळला. 

मग तो माझ्यासमोर येऊन बसला.

"रिठदले तू दिवसभर पाटलीवर बसला होता ना? कायले बसला होता?"

"कंदील इझला होता."

"दुसऱ्याच्या इहिरीत कंदील सोडल्याबिगर तू पाय टाकत नाही. तुह्या दंडाले त्या डॉक्टरनं कंदील बांधून देल्ला. अन् तू तो काठावर शर्टाखाली झाकून गेला. इझला का पेटला, पाहिलंबी नाही. म्या बापाचा कायदा पाळला अन् फोन उचलू नाही देल्ला. मी गाढव. पन तू? तू त मिस्त्री ना?"

मी म्हणालो, "हबीब..."

"आता आयक. तू उतरशीन त दोर मी नाही धरनार. दुसरा कोनी पाहून घे. खालच्याचा हुकूम मी आज मोडला. आता हे हात भरोशाचे नाही राह्यले. पुढच्या खेपेले तू बरोबर असशीन अन् मी तुले चुकीचा समजीन, मंग?"

 माझ्यापाशी सगळ्यांसाठी उत्तर असतं, डॉक्टरसाठी, मुलासाठी. हबीबसाठी नव्हतं. तो दोर सोडून मला दुसरा दोर माहीत नाही.

काम तसंच राहिलं. नारायणराव म्हणाले, गव्हाचं दोन दिवस थांबते, तुमी घरी जा.

घरी प्रतिभा दारात उभी होती. मला वाटलं रडेल किंवा भांडेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, दंडावरची ओली पट्टी हळूच सोडवली, बटण जागेवर आहे ते पाहिलं, जागा कोरडी केली आणि नवी पट्टी लावली. वाढलं. मी जेवलो. ती समोर बसली.

"मामाजी, मी तुमाले उतरू नका असं म्हनलं नाही. आताबी म्हनत नाही. पन आज मी इथं फोन घेऊन बसली होती अन् आकडाच नव्हता. आनखी कमी दिसला असता त मी घाबरली असती, धावली असती, कोनाले बोलावलं असतं. आकडाच नव्हता. त्याच्या जागी नुसत्या दोन बारक्या रेघा. म्या काय समजावं?"

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. मला वाटायचं, खाली मी एकटा असतो. काठावर हबीब आणि खाली मी, बाकी जगाचं त्यात काही नाही. त्या दिवशी कळलं, की मी पाटलीवर बसलो की हे घरही काठावर येऊन बसतं. आणि त्याच्या हातात दोर नसतो.

"तूच कबूल करून घेतलं होतं," मी म्हणालो, "बटन असन त जा. मी त मोडलं नाही."

"नाही मोडलं," ती म्हणाली. "बटन होतं दंडावर."

एवढंच. हे तिनं ओरडून म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी हट्टानं उतरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई घेतली आणि तिथंच, चुलीसमोर बसून, दोन भाकरी आणि वरण पोटभर खाल्लं. मग फोन पाहिला. आकडा ठीक, बाण आडवा. फोन शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं. हबीबच्या घरी गेलो. तो अंगणात तोंड धूत होता. मी म्हणालो, "सलीमले बोलाव. किन्हीराजाचं काम राह्यलं."

त्यानं पाण्याचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.  आत आवाज दिला.

विहिरीवर मी माझ्या हातानं सलीमला पट्टा बांधला. मनगटाला पाना बांधला. कंदील सोडला, तेवला. मग त्याला विचारलं, "काही खाल्लं का?"

"अब्बा म्हनते, भरल्या पोटी..."

"अर्धी भाकर खा. अर्धीनं ओकारी येत नाही. पट्टा मी सैल करतो." सुमनवहिनी भाकर घेऊन आली. त्यानं उभ्यानंच खाल्ली. चाचांच्या कायद्यात मी एवढा बदल केला, आणि तो हबीबच्या समोर केला, त्यानं काही हरकत घेतली नाही.

सलीम पाटलीवर बसला. हबीब पुढं, त्याच्या मागं मी, दोघांच्या हातात एकच दोर. माझ्या हाताला दोर ओळखीचा होता, पण नेहमी वरून खाली आलेला. असा खाली जाणारा नव्हता. सलीम दिसेनासा झाला. दोर हातातून सरकत राहिला, सरकत राहिला, मग थांबला. खालून काही आवाज नाही. माझ्या खिशात फोन गप्प होता.

मग दोराला एक हिसका आला. लहान, कोरडा. थांब.

इतकी वर्षं हबीबच्या हातांना काय कळत होतं, ते मला त्या सकाळी कळलं. मी दोर घट्ट धरला आणि थांबलो.